चट्टे कातडीवर, मग इंजेक्शन सगळ्या अंगाला कशाला?

रामबागकर (इंदूर) | २२ मार्च, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. प्रश्न नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा आहे. वय ६७. सोरायसिस अठरा वर्षं. कोपरं, गुडघे आणि डोक्यावर कायमचं ठाण मांडलेलं, थंडीत पाठीवरही. मलमं झाली, डांबराचा शांपू झाला, दोन वर्षं आठवड्याची मेथोट्रेक्झेट झाली, पण लिव्हरचे रिपोर्ट बिघडायला लागले म्हणून ती बंद. आता स्किनवाले डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन सुरू करू. नाव सेक्युकिनुमॅब. 'इंटरल्युकिन-१७ ला अडवतं' एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नानांचा मुद्दा असा, आणि मला तो खोडता येत नाहीये: "रोग कातडीवर आहे ना? मग कातडीला लावा काय ते. सगळ्या अंगातली प्रतिकारशक्ती कमी करायची हे कुठलं शहाणपण?" त्यात आत्या रोज फोन करून सांगते की रक्त अशुद्ध झालंय, ते आधी साफ करा.

हे इंटरल्युकिन प्रकरण नक्की काय असतं? कुणी घेतलंय का हे इंजेक्शन? खर्चाचं नंतर बघू, आधी समजू तर दे.

जिरावण_जास्त (इंदूर) | २२ मार्च, रात्री ९:५५

पहिला! बाकी काही कळत नाही, पण नानांचा प्रश्न सही है भिया. पंखा बिघडला म्हणून मेन स्विच कोण पाडतं?

शंकेखोर (देवास) | २२ मार्च, रात्री १०:१०

आत्याबाईंना अनुमोदन. माझ्या साडूला हेच होतं. आंबट, वांगं, बेसन सगळं बंद केलं, सहा महिने काढा घेतला, आता ठणठणीत. ही इंजेक्शनं एकदा लागली की सुटत नाहीत. कंपन्यांना गिऱ्हाईक हवं असतं, बरा झालेला पेशंट नको असतो.

मुरारवाली (ग्वाल्हेर) | २२ मार्च, रात्री १०:३१

शंकेखोर, तुमच्या साडूंचं ऐकून आनंद झाला, पण सोरायसिस मधेच आपणहून ओसरतो आणि पुन्हा येतो हेही खरं आहे ना? त्यामुळे काढ्याने गेला की जायचाच होता म्हणून गेला, हे कसं ठरवणार? भांडायला नाही, खरंच विचारतेय. माझ्या मुलाला इसब आहे, त्याच्या बाबतीत मी प्रत्येक वेळी शेवटचा केलेला उपाय यशस्वी मानायचे. चार वर्षांत असे अकरा उपाय 'यशस्वी' झाले.

प्रयोगशाळेतला_उंदीर (बडोदा) | २३ मार्च, सकाळी ७:१५

रामबागकर, मी डॉक्टर नाही. जीवरसायनशास्त्र शिकवत आयुष्य गेलं. तेव्हा औषध घ्या-न घ्या हे सांगणार नाही, पण 'हे प्रकरण काय' यावर लिहू शकतो. जरा लांबेल.

नाना म्हणतात रोग कातडीवर आहे. १९७९ पर्यंत बऱ्याच डॉक्टरांचंही हेच मत होतं. सोरायसिसमध्ये कातडीच्या पेशी भराभर वाढतात. एरवी खालच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला महिनाभर घेते, चट्ट्यात तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. म्हणून अर्धकच्च्या पेशींच्या चंदेरी खपल्या. तेव्हा समज असा की कातडीच्याच पेशींची चावी बिघडली आहे. त्या वर्षी म्युलर आणि हेरमान या दोघांनी सोरायसिसचा सांधेदुखीवाला प्रकार असलेल्या काही रुग्णांना सायक्लोस्पोरिन दिलं. हे औषध अवयव बदलल्यावर शरीराने तो नाकारू नये म्हणून द्यायचं. ते टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, गप्प करतं, कातडीशी त्याचा थेट संबंध नाही. आणि चट्टे गेले! म्हणजे घाई कातडीला नव्हतीच, कुणीतरी तिला घाई करायला सांगत होतं.

ते 'सांगणं' म्हणजे सायटोकाईन. पेशी एकमेकींना निरोप धाडतात, तो निरोप म्हणजे हे छोटे प्रथिनांचे रेणू. पहिला नीट ओळखला गेला तो इंटरफेरॉन, १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी. 'इंटरल्युकिन' हे नाव १९७९चंच, अर्थ साधारण 'पांढऱ्या पेशींची आपसातली बोली'. नाव चुकलंच म्हणा, कारण कातडीच्या पेशीही ही बोली बोलतात, आणि सोरायसिसमध्ये सगळा घोळ तिथेच आहे.

कातडीत पहारेकरी पेशी असतात. त्या चिथावल्या गेल्या की इंटरल्युकिन-२३ सोडतात. ते ऐकून टी-पेशींची एक जात पोसली जाते आणि ती इंटरल्युकिन-१७ सोडते. ते पोचतं कातडीच्या पेशींना. निरोप असा: 'जंतू आलेत, भिंत जाड करा, फौज बोलवा.' कातडीच्या पेशी वाढायला लागतात आणि स्वतःही हाका मारतात. त्या हाकांनी आणखी पांढऱ्या पेशी येतात, त्या आणखी १७ सोडतात. जंतू कुठेच नाहीत, पण हाकाटी थांबत नाही.

म्हणून मलम वरून ज्या भिंतीला लागतं ती भिंत निरोप ऐकणारी आहे. निरोप धाडणारे आत आहेत. छोट्या चट्ट्याला मलम पुरतं, कारण स्टिरॉइड मुरून तिथल्या धाडणाऱ्यांनाही दाबतं. अंगभर असेल तर पुरत नाही.

जिरावण_जास्त (इंदूर) | २३ मार्च, सकाळी ८:०२

समजलं! म्हणजे परवाची रंगपंचमीची गेर, आपली रंगाची मिरवणूक. राजवाड्यासमोर एका टँकरने रंग उडवला, भोंगा वाजला, लोक जमले. लोक जमले म्हणून दुसरा भोंगा आला. भोंगा आला म्हणून आणखी लोक. दुपारी कुणाला विचारलं कशाला आलात, तर म्हणे सगळे आलेत म्हणून आलो.

प्रयोगशाळेतला_उंदीर (बडोदा) | २३ मार्च, सकाळी ८:२०

@जिरावण_जास्त, वर्गात वापरली असती अशी उपमा. तीच पुढे नेतो: भोंगा बंद केला तरी सगळे घरी जात नाहीत. काही टी-पेशी चट्टा गेल्यावरही त्याच जागी कातडीत मुक्काम ठोकतात, वर्षानुवर्षं. म्हणून औषध थांबवल्यावर चट्टा पुन्हा नेमका त्याच कोपरावर उगवतो. शंकेखोर म्हणतात 'सुटत नाही', त्यात एवढं तथ्य आहे. पण ते व्यसन नाही. आजार तिथे बसूनच असतो.

शंकेखोर (देवास) | २३ मार्च, सकाळी ९:४०

बरं, मानलं. पण मग १७ नंबरचा निरोप शरीराला काही कामाचा असेलच ना? तो बंद केला तर? याचं उत्तर द्या.

प्रयोगशाळेतला_उंदीर (बडोदा) | २३ मार्च, सकाळी ११:०५

रास्त प्रश्न, आणि नानांचा खरा प्रश्नही हाच आहे. १७ चं रोजचं काम म्हणजे बुरशीवर आणि आतड्याच्या अस्तरावर पहारा. म्हणून ते अडवलं की काहींना तोंडात, जांघेत कँडिडा ही बुरशी होते. बहुतेकदा साध्या औषधाने आटोक्यात येते.

पण मेन स्विच पाडणं म्हणजे सायक्लोस्पोरिन किंवा तोंडाने घ्यायचं स्टिरॉइड. स्टिरॉइड एकाच वेळी पाच-पंचवीस निरोपांचे तोंड दाबतं. १७ अडवणारं इंजेक्शन एकच तार कापतं, बाकीच्या शाबूत. नाना उलटं समजताहेत: सगळ्या अंगात फिरतं ते औषध, पण बंद होतो तो एकच निरोप.

सयाजीगंज_केमिस्ट (बडोदा) | २३ मार्च, दुपारी १:१८

दुकानात बसून तीस वर्षं झाली, एक गोष्ट कळकळीने सांगतो. सोरायसिसवाल्याने तोंडाने स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊन एकदम थांबवल्या तर आजार उसळतो, कधी अंगभर पू भरलेल्या फोडांच्या रूपात. असा एक गृहस्थ पाहिला आहे. गल्लीतल्या कुणीतरी 'जादूची पुडी' दिली होती, महिनाभर अंग साफ, पुडी संपली आणि आठ दिवसांत इस्पितळ. त्या पुडीत काय होतं देव जाणे, पण मी ओळखलं ते ओळखलं.

आणि ते तीन-इन-वन मलम! बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि तगडं स्टिरॉइड एकाच ट्यूबमध्ये. नायट्यावर लावलं की दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब. का? बुरशी मेली म्हणून नाही, बुरशी आल्याचा निरोपच दाबला म्हणून. नायटा आतल्या आत पसरत राहतो, आणि मग असा विचित्र दिसतो की डॉक्टरही क्षणभर गोंधळतात. २०१८ पासून सरकारने बाहेरून लावायची स्टिरॉइडंही चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलंय. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक म्हणतं, "काका, शेजारी तर असंच देतात."

मुरारवाली (ग्वाल्हेर) | २३ मार्च, दुपारी २:०६

केमिस्टकाका, ते मलम माझ्या सासूबाईंनी माझ्या मुलाच्या गालाला सहा महिने लावलंय. गाल गोरा दिसतो म्हणून. पुढचं सांगत नाही.

उंदीरदादा, इसबाचं सांगा ना. तोही असाच १७ वाला का? आमच्याकडे खाजेसाठी सिट्रिझिन देतात, त्याने मूल पेंगतं पण खाजवणं थांबत नाही.

प्रयोगशाळेतला_उंदीर (बडोदा) | २३ मार्च, संध्याकाळी ६:३०

मुरारवालीताई, नाही. इसबात वेगळा गट बोलतो: इंटरल्युकिन ४ आणि १३. हा एरवी जंतांविरुद्ध वापरायचा गट. त्यांच्यामुळे कातडी भिंतीचं गिलावा-सिमेंट बनवायचं कमी करते, भिंत गळते, धूळ-परागकण आत जातात, निरोप आणखी वाढतो. खाजेला जबाबदार आणखी एक, इंटरल्युकिन-३१, थेट मज्जातंतूच्या टोकाला जाऊन 'खाजव' म्हणतो. सिट्रिझिन अडवतं हिस्टामिनला. पित्त उठतं, गांधी येतात, तिथे हिस्टामिन मुख्य असतं म्हणून गोळी लागू पडते. इसबाची खाज बऱ्याच अंशी दुसऱ्या वाटेने येते, म्हणून गोळीने झोप येते आणि खाज तशीच राहते.

४-१३ या दोघांना एकदम अडवणारं ड्युपिलुमॅब अमेरिकेत २०१७ला मान्य झालं. डोळे लाल होणं हा त्याचा नेहमीचा त्रास. आणि गंमत बघा: काही इसबवाल्यांना ते सुरू केल्यावर सोरायसिससारखे चट्टे आले. उलटही दिसलंय, १७ अडवल्यावर काहींना इसबासारखं पुरळ. जणू तागडी आहे, एक पारडं दाबलं की दुसरं वर. म्हणूनच 'चामडीचा आजार' असं एकच नाव देऊन चालत नाही. वरून दोन्ही लाल, दोन्ही खाजरे, आतली बोली वेगळी.

तिलकनगर_दुसरीगल्ली (इंदूर) | २३ मार्च, रात्री ८:४७

वाचनमात्र होते, आज लिहिते. मला कोड आहे. सोळाव्या वर्षापासून. खाजत नाही, दुखत नाही, त्यामुळे घरच्यांच्या मते तो आजारच नाही. फक्त स्थळं येणं बंद झालं, हा त्याचा एकमेव 'दुष्परिणाम'. दूध-मासे एकत्र खाल्ले का, असं विचारणारे आजवर किती भेटले याची मोजदाद सोडली आहे. आम्ही देशस्थ, मासे घरात येत नाहीत.

कोडात कोण बोलतं?

प्रयोगशाळेतला_उंदीर (बडोदा) | २३ मार्च, रात्री ९:३०

इंटरफेरॉन-गॅमा. त्याच्या सांगण्यावरून कातडीच्या पेशी एक रासायनिक हाक सोडतात, ती ऐकून मारेकरी टी-पेशी येऊन रंग बनवणाऱ्या पेशींना टिपतात. हा निरोप पेशीच्या आत शिरताना 'जॅक' नावाच्या दारवानातून जातो. दारवानाला थोपवणारं रुक्सोलिटिनिब मलम अमेरिकेत २०२२ला कोडासाठी मान्य झालं. म्हणजे नानांना हवं तसं, कातडीला लावायचं! केसांत चाई पडते ना, तिथेही इंटरफेरॉन-गॅमा आणि जॅकच; त्यावर बॅरिसिटिनिबच्या गोळीला त्याच वर्षी मान्यता मिळाली. रंग परत यायला महिनोन्‌महिने लागतात, तोंडावर लवकर, बोटांच्या टोकांना कमी.

दूध-माशाला यात कुठेही जागा नाही.

तिलकनगर_दुसरीगल्ली (इंदूर) | २३ मार्च, रात्री ९:३४

शेवटची ओळ फ्रेम करून हॉलमध्ये लावते.

जिरावण_जास्त (इंदूर) | २३ मार्च, रात्री ९:५०

+१००. आणि कुणी विचारलं तर म्हणा, 'आमच्याकडे गॅमा आहे, तुमच्याकडे आहे का?'

निवृत्त_कुष्ठसेवक (धार) | २४ मार्च, पहाटे ५:२०

झोप लवकर उघडते, म्हणून आत्ता लिहितो. तीस वर्षं झाबुआ-धारच्या गावांत कुष्ठरोगाचे चट्टे शोधत फिरलो. तेव्हा आम्हाला इंटरल्युकिन शिकवलं नव्हतं, पण एक कोडं डोळ्यांनी बघत होतो. एकाच घरातले दोन भाऊ, एकच जंतू. एकाला पाठीवर एकच बधिर चट्टा, त्यात जंतू शोधून सापडत नाही. दुसऱ्याचा चेहरा, कानाच्या पाळ्या जाड, चिमटीभर रसात जंतूंची रास. पुढे एका प्रशिक्षणात उलगडा झाला. पहिल्याच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप धाडत होत्या, तो जंतूला कोंडून मारतो. दुसऱ्याच्या पेशी ४ आणि १० ची बोली बोलत होत्या, ती जंतूला अडवत नाही. जंतू एकच, पण आजार कसा दिसणार हे शरीर काय बोलतं त्यावर ठरलं.

आणखी एक आठवण. गोळ्या चालू असताना काहींना अचानक ताप आणि अंगभर लाल दुखऱ्या गाठी येत. लोक म्हणत औषध बाधलं, आणि गोळ्या सोडत. ते औषध बाधणं नव्हतं, मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांवर शरीराने केलेला आरडाओरडा होता. त्यावरचं औषध कसं सापडलं ते विलक्षण आहे. १९६४ साली जेरुसलेममध्ये शेस्किन नावाच्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाला नुसती झोप लागावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं. तेच औषध ज्याने हजारो बाळं अपंग जन्मली आणि जे बाजारातून काढलं होतं. झोप लागलीच, पण गाठीही बसल्या. का, ते कळायला १९९१ उजाडलं: ते टीएनएफ नावाचा निरोप कमी करतं. गरोदर होऊ शकणाऱ्या बाईला ते चुकूनही द्यायचं नाही, हे आम्ही पाठ केलं होतं.

रामबागकर, तुमच्या वडिलांना सांगा की चट्टा कातडीवर दिसतो. त्याचं मूळ मी कधी कातडीत पाहिलं नाही.

मुरारवाली (ग्वाल्हेर) | २४ मार्च, सकाळी ७:०५

काका, या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद. _/\_

वैद्य_सुलभा (इंदूर) | २४ मार्च, सकाळी १०:४५

मी आयुर्वेदाची वैद्य. आत्याबाईंच्या बाजूने बोलेन असं वाटत असेल तर थोडं बोलते, थोडं नाही. पथ्याचा उपयोग आहे, पण वांग्याशी त्याचा संबंध कमी आणि पोटाच्या घेराशी जास्त. चरबी स्वतःच टीएनएफ सोडते, म्हणून वजन उतरलं की सोरायसिस सौम्य होतो आणि औषधंही जास्त लागू पडतात. दारू, सिगारेट, तंबाखू बंद. कातडीला तेल-तूप, रोज, अंघोळीनंतर लगेच, हे तर आमच्या शास्त्राने केव्हाच सांगितलं आहे आणि स्किनवालेही तेच सांगतात. 'रक्त साफ' करायला रेचकं देऊन अशक्त केलेले रुग्ण मी पाहिलेत, तसं करू नका. लिव्हर आधीच नाजूक असताना कुठलाही अनोळखी काढा नको.

एक विचारायचं राहिलं: नानांचे सांधे दुखतात का? सकाळी बोटं आखडतात का? नखांना टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का? सोरायसिसवाल्यांत साधारण पाचात एकाला सांधेही धरतात, आणि ते वेळेत पकडलं नाही तर कायमचे वाकतात. मलमाने सांधा बरा होत नाही.

शंकेखोर (देवास) | २४ मार्च, सकाळी ११:१०

वैद्यबाईही फितूर झाल्या!

वैद्य_सुलभा (इंदूर) | २४ मार्च, सकाळी ११:१२

साडूंना नमस्कार सांगा. त्यांच्या कोपरांचा फोटो पुढच्या जानेवारीत टाका.

जिरावण_जास्त (इंदूर) | २४ मार्च, सकाळी ११:२०

पोटाच्या घेराचं काय म्हणालात ते ऐकू आलं नाही, तोंडात जिलेबी होती.

[यानंतर पोहे-जिलेबी आरोग्याला किती वाईट यावर २७ प्रतिसाद झाले. ते खाऊगल्ली विभागात हलवले आहेत. कृपया मूळ विषयावर या. — संपादक]

रामबागकर (इंदूर) | २४ मार्च, रात्री १०:०२

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी भारावलोय. बाईंचा प्रश्न वाचून नानांची नखं पाहिली. खड्डे आहेत. अंगठ्याचा सांधा सुजलेला असतो हे ते 'शेतावर लागलं होतं' म्हणून सांगायचे. आमच्याकडे शेत १९९८ला विकलं.

आज त्यांना बसवून हा धागा वाचून दाखवला. कुष्ठसेवकांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे हे कोरोनातलं ते सायटोकाईन वादळ का?"

प्रयोगशाळेतला_उंदीर (बडोदा) | २५ मार्च, सकाळी ७:००

नातं तेच, घर वेगळं. कोरोनात काहींच्या फुप्फुसात निरोपांचा कल्लोळ उडाला. २०२१मध्ये ज्या टोसिलिझुमॅबसाठी लोक शहरभर वणवण फिरले ते इंटरल्युकिन-६ अडवणारं औषध, मुळात संधिवाताचं. आणि सोरायसिससाठी २०१३ला भारतातच मान्य झालेलं बायोकॉनचं इटोलिझुमॅब २०२०मध्ये कोरोनाच्या गंभीर रुग्णांसाठी आणीबाणीची परवानगी मिळवून आलं. ते निरोप अडवत नाही, टी-पेशीच्या अंगावरचं सीडी-६ नावाचं बटण झाकून धरतं.

आता माझा एक प्रश्न, आणि हा गंभीर आहे. नानांना किंवा घरात कुणाला आतड्याचा आजार? वर्षानुवर्षं जुलाब, रक्त, क्रोन्स वगैरे? आतड्याच्या अस्तराला १७ चा पहारा लागतो हे वर लिहिलं. क्रोन्सच्या रुग्णांवर सेक्युकिनुमॅब वापरून पाहिलं तेव्हा फायदा तर झाला नाहीच, काहींचा त्रास वाढला. डॉक्टरांनी विचारलं असेलच, पण पुढच्या पेशंटला हाक मारायच्या घाईत राहिलं असेल तर.

रामबागकर (इंदूर) | २५ मार्च, रात्री ११:३०

उंदीरदादा, जुनी फाईल काढली. २००९. पोटाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, दुर्बिणीने तपासल्याचा रिपोर्ट, त्यावर 'क्रोन्स' लिहिलंय. दोन वर्षं गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, नाना विसरले. स्किनच्या डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही. "त्यांनी कातडीचं विचारलं, पोटाचं कशाला सांगू?"

वैद्य_सुलभा (इंदूर) | २५ मार्च, रात्री ११:४१

फाईल घेऊन उद्याच जा. आणि स्किनच्या डॉक्टरांचा एकट्याचा निर्णय नको, पोटाच्या डॉक्टरांशी बोलणं होऊ दे.

जिरावण_जास्त (इंदूर) | २६ मार्च, सकाळी ६:५०

'कातडीचं विचारलं, पोटाचं कशाला सांगू' हे वाचून आमचे काका आठवले. छातीत दुखत होतं, डॉक्टरांकडे गुडघा दाखवून आले. अपॉइंटमेंट गुडघ्याची होती म्हणे.

सयाजीगंज_केमिस्ट (बडोदा) | २६ मार्च, सकाळी ९:१५

आता बहुधा टीएनएफवाल्यांकडे वळतील, ॲडालिमुमॅब. ते सोरायसिस, सांधे आणि क्रोन्स तिन्हीला चालतं. आमच्या गुजरातच्याच कंपनीने २०१४च्या अखेरीस त्याची देशी प्रत काढली, तेव्हापासून ते त्यातल्या त्यात परवडणारं झालं. पण त्याआधी टीबीची तपासणी हवीच हवी. टीएनएफ हा तोच निरोप आहे ज्याच्या जोरावर शरीर जुन्या टीबीच्या जंतूला गाठीत कोंडून ठेवतं. तार कापली की कोंडवाडा उघडतो.

तिलकनगर_दुसरीगल्ली (इंदूर) | २६ मार्च, सकाळी ९:५०

म्हणजे १७ कापलं तर पोट, टीएनएफ कापलं तर टीबी. मग कापायचं काय?

प्रयोगशाळेतला_उंदीर (बडोदा) | २६ मार्च, दुपारी १२:२५

तिसरी वाट आहे, २३ अडवायची. तिचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. आधी संशय इंटरल्युकिन-१२ वर होता. त्याला पकडायला औषध बनवलं. २००० साली २३ सापडलं तेव्हा कळलं की १२ आणि २३ यांचा एक अर्धा भाग सामाईक आहे आणि औषध नेमका तोच भाग पकडतं. खरा गुन्हेगार २३ होता, १२ निष्कारण अटकेत! नंतर फक्त २३ ला धरणारी औषधं आली. ती पोटालाही चालतात, टीबीची भीतीही कमी. पण महाग. शेवटी कुठली तार कापायची हे रुग्णाचं पोट, फुप्फुस, सांधे आणि खिसा बघून ठरतं. हा निवाडा इथे होणार नाही, डॉक्टरांकडेच होईल.

शंकेखोर (देवास) | २६ मार्च, दुपारी १२:४०

खिसा शेवटी लिहिलात. पहिला लिहायला हवा होता.

प्रयोगशाळेतला_उंदीर (बडोदा) | २६ मार्च, दुपारी १२:४४

मान्य.

रामबागकर (इंदूर) | १९ एप्रिल, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. दोन्ही डॉक्टर बोलले. सेक्युकिनुमॅब रद्द. २३ वालं आमच्या आवाक्याबाहेर. ॲडालिमुमॅब ठरलं. टीबीची रक्ततपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. छातीचा फोटो साफ, खोकला-ताप काही नाही. म्हणजे जंतू झोपलेला आहे. आता आधी तो उठू नये म्हणून गोळ्या सुरू केल्यात, लिव्हरवर लक्ष ठेवून. महिना झाला की इंजेक्शन. नाना म्हणाले, "कातडीपासून निघालो, पोटात गेलो, छातीत पोचलो. आणखी काही उरलंय का बघायचं?"

निवृत्त_कुष्ठसेवक (धार) | २० एप्रिल, पहाटे ५:०५

गोळ्या मधे सोडू देऊ नका. बरं वाटायला लागलं की सोडतात, आणि या बाबतीत तर वाईट वाटतच नसतं, म्हणून लवकर सोडतात. आम्ही कॅलेंडरवर फुली मारायला लावायचो.

रामबागकर (इंदूर) | २८ मे, रात्री १०:२०

आज पहिली मात्रा दिली. सुरुवातीला ८० मिलिग्रॅम, आठवड्याने ४०, मग दर पंधरा दिवसांनी. फुल्या मारून नानांनी पंचांग काळं केलंय. अजून खपल्या आहेत तशाच, एका दिवसात काय होणार.

एक व्यावहारिक अडचण: इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची आहेत आणि आमच्याकडे दुपारी तास-दीड तास वीज जाते. बाहेर ४३. फ्रीजमध्ये कुठे ठेवू? आईने दाराच्या कप्प्यात लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवली होती.

सयाजीगंज_केमिस्ट (बडोदा) | २८ मे, रात्री १०:३३

दारात नको, दार उघडलं की गरम होतं. बर्फाच्या कप्प्याजवळ नको, गोठलं तर फेकावं लागेल. मधला कप्पा, मागच्या भिंतीला न टेकवता, खोक्यासकट, शेजारी पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या. वीज गेली की फ्रीज उघडायचा नाही.

जिरावण_जास्त (इंदूर) | २८ मे, रात्री १०:३६

आणि लोणचं?

सयाजीगंज_केमिस्ट (बडोदा) | २८ मे, रात्री १०:३७

लोणचं बाहेर. लोणच्याला फ्रीज कशाला?